येथे माणूस बदलून मिळेल

पुण्याच्या नावात पुण्य आहे, सोलापूरच्या नावात निदान सोळा गावं आहेत. आमच्या गावाच्या नावात एक कापलेलं नाक आहे. लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेची नासिका छाटली, म्हणून हे नाशिक. नऊ शिखरांवर वसलं म्हणून नाशिक, असंही काही अभ्यासू मंडळी सांगतात, पण हातात नाकाची गोष्ट असताना शिखरं मोजायला कोण जातो? थोडक्यात, गावाचं बारसं एका फौजदारी प्रकरणात झालं. त्यात मार कोणी खाल्ला आणि वनवासातल्या वनवासात शिक्षा द्यायचा अधिकार कोणाचा, हा वेगळा लेख आहे.

मला खटकते ती दुसरीच गोष्ट. कीर्तनकार सांगतात की शूर्पणखा त्या दिवशी स्वतःच्या रूपात आलीच नव्हती. छानपैकी तरुणी होऊन आली होती. तिच्यामागून मारीच आला तो सोन्याचं हरीण होऊन. त्याच्यामागून खुद्द रावण, तो भिक्षा मागणारा साधू होऊन. एकाच पंचवटीत, थोड्याथोड्या अंतराने तीन आरोपी आणि तिघांचेही वेष बदललेले. एकीने सौंदर्य घेतलं, एकाने सोनं घेतलं, एकाने अध्यात्म घेतलं. युगं लोटली, पण जुनी ओळख टाकून नवी घ्यायला निघालेल्या माणसाला बाजारात अजून चौथा माल आलेला नाही. फार तर राजकारण म्हणा; पण त्यात हे तिन्ही एकत्र मिळतात.

आणि हे सगळं लिहून ठेवलं कोणी? ज्याचं आधीचं रेकॉर्ड वाटमारीचं होतं त्याने.

रामकुंडावर गेलात तर वरच्या अंगाला कपालेश्वराचं देऊळ आहे. महादेवासमोर नंदी नाही, असं हे देऊळ. कथा अशी की ब्रह्मदेवाचं पाचवं मुंडकं उडवल्यामुळे शंकरावर ब्रह्महत्येचं पातक बसलं. पातक काही केल्या जाईना. तेव्हा त्याला एक वासरू भेटलं. त्या वासरानेही आपल्या ब्राह्मण मालकाला शिंगाने ठार केलं होतं आणि त्या पापाने ते काळंठिक्कर पडलं होतं. वासराने गोदावरीत बुडी मारली आणि पांढरंशुभ्र होऊन बाहेर आलं. ते बघून शंकराने बुडी मारली, तोही मोकळा झाला. तेव्हापासून ते वासरू, म्हणजे नंदी, त्याचा गुरू. गुरूला समोर बसवून घ्यायचं कसं, म्हणून इथे नंदी नाही. मला या कथेतला सर्वांत खरा वाटणारा तपशील हा की आरोपीला सुटकेचा रस्ता दाखवला तो आधी सुटून आलेल्या आरोपीने. जेलमध्ये कायद्याचा सल्ला आजही असाच मिळतो म्हणतात.

तेव्हा बदलून मिळण्याची सोय या गावात जुनी आहे. दर बारा वर्षांनी तिचा मोठा सेल लागतो, त्याला आपण सिंहस्थ म्हणतो. पुढचा २०२७ चा आहे.

हे सगळं मला सुचलं ते सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या भिंतीलगत, एका मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलापुढे उभं असताना. माझं प्रकरण किरकोळ होतं. आमचं आडनाव मोरे. पन्नास वर्षांपूर्वी एका शाळेच्या कारकुनाने दाखल्यावर एक मात्रा गाळली आणि मी मारे झालो. कारकून आता नाही, शाळेचं नाव मी घेत नाही. पण आयुष्यात कधी कुणाला चापट न मारलेला माणूस कागदोपत्री मारे म्हणून फिरत होता आणि पेन्शनच्या तोंडावर दोन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करण्याची वेळ आली. त्यासाठी बाँड, त्यावर प्रतिज्ञापत्र, नोटरी, पेपरात जाहिरात, राजपत्राचा अर्ज. शंभराचा बाँड २०२४ च्या ऑक्टोबरपासून बंदच झाला, आता कमीत कमी पाचशेचा. एका मात्रेचे पाचशे.

विक्रेत्याच्या टेबलावर छत्री, छत्रीच्या दांड्याला टांगलेली पाण्याची बाटली, निळ्या शाईचं पॅड आणि एक जाडजूड रजिस्टर. रजिस्टरात बाँड घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण लिहावं लागतं.

"काका, कारण काय लिहू?"

"नावात दुरुस्ती."

"किती अक्षरं?"

"एक मात्रा."

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "सहा महिने धरा. आठ पण लागतात."

माझ्यामागे एक तरुण उभा होता. गळ्यात जाड चेन, दंडावर वाघ आणि दोन्ही बाजूंना एकेक पोरगा. वाघाचा एक डोळा गोंदणाऱ्याने जरा वर काढला होता, त्यामुळे तो चिडलेला दिसण्याऐवजी दचकलेला दिसत होता. विक्रेत्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बोला दादा, काय कारण?"

"चांगली वर्तणूक," दादा म्हणाला.

मी चमकून मागे पाहिलं. पण यात विनोद नाही, तशी कायद्यात तरतूदच आहे. जुन्या सीआरपीसीत कलम ११० होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १२९ झालंय. म्हणजे कलमानेही ओळख बदलली, आणि त्याला कुणी मात्रेचा हिशेब विचारला नाही. सराईत गुन्हेगाराकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घ्यायचं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. चौथ्या वर्षी काय करायचं हे त्याच्या संस्कारांवर सोडलेलं आहे. टायपिस्टकडे मजकूर तयारच होता. गाळलेल्या जागी नाव घातलं, प्रिंट मारली, दहा-पंधरा मिनिटांत दादा सद्वर्तनी होऊन मोटारसायकलवर बसला. ट्रिपल सीट. मी अजून मारेच होतो.

गेल्या काही वर्षांत आमच्या सिडको, सातपूर, अंबड, पंचवटी भागातल्या अशा होतकरू मंडळींनी स्वतःला घडवण्यासाठी जी मेहनत घेतली, ती बघून कुठल्याही जाहिरात कंपनीने मान खाली घालावी. आधी रील. रात्री बारा वाजता रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर केक, तलवारीने कापायचा. तलवार एवढी मोठी आणि केक एवढा लहान की पहिल्या वारातच केकचं जे व्हायचं ते होतं आणि मंडळी क्रीम पुसत 'भाईचा बड्डे' म्हणून ओरडतात. मग चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर दादाचा फोटो, खाली तीस-चाळीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे. नावाच्या आधी पहिल्या वर्षी 'युवा नेतृत्व', दुसऱ्या वर्षी 'समाजसेवक', तिसऱ्या वर्षी 'भावी नगरसेवक'. बारावीनंतर एमए व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो. आणि दादा एखाद्या पक्षात गेला की व्यासपीठावरून कुणीतरी न चुकता 'वाल्याचा वाल्मीकी झाला' म्हणतोच. आपण हे विसरतो की मधल्या काळात वाल्याच्या अंगावर वारूळ वाढलं होतं. इथे वारूळ वाढायच्या आत उमेदवारी अर्जाची तारीख निघून जाते.

मग २०२५ चा ऑक्टोबर आला आणि नाशिक पोलिसांनी रीलला रीलने उत्तर दिलं. आयुक्त संदीप कर्णिक यांच्या माणसांनी सराईतांना, टोळीवाल्यांना, राजकीय पदं मिरवणाऱ्या काहींनाही उचललं आणि कॅमेऱ्यापुढे उभं करून एक वाक्य म्हणायला लावलं: 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला.' महिनाभर दुसरं काही ऐकू येत नव्हतं. कालपर्यंत 'आपला एरिया' म्हणणारा माणूस आज हात जोडून, खाली मान घालून बालेकिल्ला म्हणतोय आणि पाठचा हवालदार चेहरा शक्य तितका कोरा ठेवतोय. काही जणांना शब्दच उच्चारता येईना. 'बालकिल्ला', 'बालेखिल्ला', असं करत दुसऱ्यांदा म्हणायला लागलं. आमच्या कॉलनीतली पोरं लपाछपीत राज्य आलेल्याला हेच म्हणायला लावायची. मिसळीच्या हॉटेलात वेटरकडून तर्री सांडली तर गिऱ्हाईक म्हणे, "म्हण बालेकिल्ला."

मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओत लक्षात आलं की बऱ्याच जणांचं चालणं अडखळतंय. ते का, हे त्या महिन्यात गावात कुणी कुणाला विचारलं नाही. कायद्याच्या बालेकिल्ल्याला एखादी मागची दिंडी असणारच, एवढं समजून घेऊन आम्ही पाव मागवला.

या बालेकिल्ल्याची अधिकृत इमारत नाशिकरोडला आहे, १९२७ सालची. मध्यवर्ती कारागृह. त्याच्यावरून त्या भागाचं नाव जेल रोड पडलं आणि आता तिथे चांगल्या चांगल्या सोसायट्या आहेत. माझे निम्मे नातेवाईक तिथे राहतात. मुलीच्या लग्नाच्या वेळी विदर्भातल्या व्याह्यांना "मामा जेल रोडला असतात" असं सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "लग्नापर्यंत येतील ना?"

कारागृह खात्याचं ब्रीद 'सुधारणा व पुनर्वसन' असं आहे आणि याबाबतीत कुचेष्टा करण्यासारखं फारसं नाही. तिथले बंदी सुतारकाम करतात, विणकाम करतात, गेली काही वर्षं शाडूच्या गणेशमूर्ती करतात आणि नाशिककर रांग लावून त्या घेतात. आमच्या शेजाऱ्यांनी आणली होती. मूर्तीचे डोळे फार सुरेख रेखले होते. पाच दिवस आरती करताना मला एकच प्रश्न पडायचा, की ज्याने एवढ्या स्थिर हाताने हे डोळे काढले त्याचा हात त्या एका दिवशी कशाने हलला असेल. तुरुंगात माणूस घडतो याला आमच्याकडे पुरावाही मोठा आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगातच लिहिली, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत. आता गुरुजी आत गेले ते देशासाठी, वाटमारीसाठी नव्हे. पण मराठी माणसाला सर्वांत जास्त रडवणारं पुस्तक बराकीत लिहिलं गेलं हे खरं. तुरुंगाच्या सरकारी भाषेतही थोडं साहित्य आहे. फर्लोला 'संचित रजा' म्हणतात. नुसतं फर्लो म्हटलं की वकील आठवतो; संचित म्हटलं की गेला जन्म आठवतो.

पण माणूस बदलण्याचा खरा कारखाना याच नाशिकरोडला, जेलपासून फार लांब नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस. १९२५ पासूनची. 'मुलगा प्रेसमध्ये आहे' एवढं सांगितलं की एकेकाळी आमच्याकडे पत्रिका बघत नसत. पोस्टाची तिकिटं, बाँड, कोर्ट फी स्टॅम्प इथले. देशातल्या प्रत्येक पासपोर्टची पुस्तिकाही इथली. नवं आयुष्य काढायला विमानात बसणारा कुठलाही भारतीय आधी नाशिकरोडला छापला जातो. शेजारी नोटांची प्रेस. २०२१ मध्ये तिथून पाच लाखांच्या नोटा गायब झाल्या, पोलिसांत फिर्याद गेली, गावभर चोराची वर्णनं तयार झाली. निघालं काय, तर नोटा चुकून भोकं पाडून नष्ट झाल्या होत्या आणि ते सांगायची हिंमत झाली नव्हती. चोर नव्हताच. आमचा फार हिरमोड झाला.

कारण चोराच्या बाबतीत आमची अपेक्षा अब्दुल करीम तेलगीने वाढवून ठेवली होती.

तेलगी खानापूरचा. सीमाभागातलं हे खानापूर महाराष्ट्रात यावं म्हणून आपण १९५६ पासून भांडतोय. हा एक खानापूरकर मात्र कुठल्याही ठरावाची वाट न बघता आपणहून आला, आणि महाराष्ट्रात इतका रमला की सरकारचे कागद स्वतःच पुरवू लागला. वडील रेल्वेत होते, लवकर गेले. पोरगा स्टेशनवर, गाड्यांत फळं आणि शेंगदाणे विकायचा. तरीही बीकॉम झाला, सौदीला जाऊन आला. मग मुंबईत माणसं आखातात पाठवायचा धंदा, त्यात बनावट कागदपत्रं, त्यात तुरुंग. तुरुंगात तो सुधारला असं म्हणायला हरकत नाही, कारण बाहेर आल्यावर त्याने पासपोर्टच्या फंदात पडणं सोडलं. १९९४ मध्ये रीतसर परवाना काढला आणि मुद्रांक विक्रेता झाला. म्हणजे सीबीएसजवळचा आमचा छत्रीवाला आणि तेलगी, दोघांचा परवाना एकाच जातीचा. फक्त छत्रीवाल्याला नाशिकरोडहून माल आला तर तो विकायचा एवढंच सुचतं. तेलगीने प्रेसच घरी आणायचं ठरवलं. आतल्या माणसांच्या मदतीने त्याने प्रेसने मोडीत काढलेली यंत्रं मिळवली. भंगारात गेलेलं सरकारी यंत्र पुन्हा कामाला लागलं, आणि सरकारात असताना केलं नसेल एवढं काम त्याने केलं. यापेक्षा चांगलं पुनर्वसन मी तरी पाहिलेलं नाही.

बनावट मुद्रांकांचा हा माल विकायला त्याने शेकडो पोरं नेमली. गिऱ्हाईकं बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल. टेबलापुढे उभे राहून एक बाँड मागणाऱ्या मोऱ्या-माऱ्यांच्या नादी तो लागला नाही. घोटाळ्याचा आकडा कुणी तीन हजार कोटी सांगितला, कुणी तीस हजार. एका शून्याचा फरक. मला मात्रेसाठी आठ महिने लागतात आणि इथे शून्याचा हिशेब लागत नाही.

२००३ च्या सुमारास हे प्रकरण पेपरात रोज यायला लागलं, तेव्हा आमच्या वडिलांनी कपाटाच्या तळातून फ्लॅटचा करारनामा काढला. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि खिडकीत उजेडासमोर कागद धरून बराच वेळ बघत बसले. मग आईला बोलावलं, मग मला. तिघांनी पाळीपाळीने बघितलं. खरा कागद कसा दिसतो हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. खाली बाँडवाल्याचा शिक्का होता, तो पुसट. शेवटी वडील म्हणाले, "भिंती तर खऱ्या आहेत ना," आणि कागद घडी करून परत ठेवला. आम्ही अजून तिथेच राहतो. अजूनही कुणी तो बाहेर काढलेला नाही.

तेलगी २००१ च्या नोव्हेंबरात अजमेरला पकडला गेला, यात्रेला गेलेला असताना. पुण्यासाठी बाहेर पडलेला माणूस पापासाठी सापडला. पण त्याचं पुनर्वसन कोठडीतही थांबलं नाही. २००३ च्या जानेवारीत विशेष तपास पथकाचे अधिकारी बघायला गेले, तर कोठडीत असायला हवा तो तेलगी कफ परेडच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, पोलिसांच्या संगतीत मजेत बसलेला. कोण कोणाच्या ताब्यात होता हे ठरवायला पथकाला क्षणभर वेळ लागला असणार. पुढे ज्यांनी त्याला पकडायचं त्यांतल्याही काहींना अटक झाली. एका आयुक्तांना तर निवृत्त होताहोता, आणि नंतर ते आरोपमुक्त झाले. २००७ मध्ये तेलगीने कोर्टात गुन्हा कबूल केला. तीस वर्षं सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड. सक्तमजुरी कशी चालली होती हे २०१७ मध्ये कळलं: कर्नाटकच्या तुरुंग उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी अहवाल दिला की बंगळूरच्या तुरुंगात तेलगीच्या दिमतीला, अंग रगडायला, इतर कैदी आहेत. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला तो बंगळूरच्या इस्पितळात वारला. शेंगदाणेवाला, एजंट, विक्रेता, कारखानदार, कैदी. एवढ्या ओळखी करून माणूस गेला. संपलं असं सगळ्यांना वाटलं.

नाशिकला वाटलं नाही. त्याच्यावरचा एक खटला आमच्या कोर्टात चालूच होता. त्याच्याबरोबर आणखी सात जण आरोपी, त्यांत रेल्वे सुरक्षा दलाचेही लोक. ३१ डिसेंबर २०१८ रोजी, सगळं गाव रात्रीच्या पार्टीच्या तयारीत असताना, नाशिकच्या सत्र न्यायालयाचा निकाल आला. पुराव्याअभावी सातही जण निर्दोष, आणि आठवा तेलगीही निर्दोष. मरून चौदा महिने झाले होते.

ही बातमी मी आमच्या छत्रीवाल्याला सांगितली. त्याने रजिस्टरातून डोकं वर न काढता विचारलं, "म्हणजे त्याचं काम झालं?" म्हटलं, हो. "बघा," तो म्हणाला, "आणि तुम्ही आठ महिन्यांना कुरकुरताय."

कुणाला त्या निकालाचा कागद बघायचा असेल तर तो कोर्टातून मिळतो. कोर्टाच्या भाषेत त्याला नक्कल म्हणतात. नकलेच्या अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो. तो नाशिकरोडला छापतात.